पावतीशिवाय मिळणार नाही

माझ्या मावशीच्या लाँड्रीत कधी काही हरवलं नाही. हातरुमाल नाही, लहान मुलाचा मोजा नाही, कोटाचं बटणसुद्धा नाही. बटण तुटून पडलं तर ती ते कागदाच्या पुडीत बांधायची, पुडीवर 'बटण, एक' असं लिहायची आणि पुडी त्याच कोटाच्या खिशात ठेवून द्यायची. हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की तोंडपाठ झालंय. मी तोंडाची फटकळ, त्यामुळे "मावशी, पुरे आता, कळलं" असंही तिला कितीदा तरी म्हटलंय. पण खरं होतं ते. खरं होतं म्हणूनच पुढचं सगळं झालं.

दुकान म्हणजे पुढे एक लाकडी टेबल आणि मागे एक लांबच लांब खोली. खोलीच्या टोकाला बॉयलर, त्याच्या शेजारी कपडे सुकवायचं भिंतीएवढं गरम कपाट, कपाटाच्या वर माळा, आणि मधल्या सगळ्या जागेत दोऱ्यांवर चादरी. शाळेला सुट्टी लागली की आई मला तिथे सोडून जायची. मी चादरींच्या खाली आडवी पडायचे. वरून गाळलेला उजेड यायचा, वाफ हळूहळू खाली उतरायची, काकांची इस्त्री फुस्स करायची, मावशी पांढऱ्या पांढऱ्या पडद्यांच्या पलीकडून कुठूनतरी नंबर पुकारायची, "एकशेबारा, दोन सदरे, एक पडदा," आणि माझे डोळे मिटायचे. उठल्यावर सकाळ आहे की संध्याकाळ ते कळायचं नाही. अजूनही कधीकधी जाग येताना मला आधी ती ओली, गरम, साबणाच्या वासाची हवा जाणवते, आणि मग माझी खोली दिसते.

प्रत्येक कपड्याला नंबराची चिंधी असायची. जुन्या चादरीच्या काठाच्या बोटभर पट्ट्या फाडायच्या, त्यावर धुतली तरी जात नाही अशा काळ्या शाईने आकडा घालायचा. पावतीचा अर्धा तुकडा ग्राहकाला, अर्धा पुस्तकात. पुस्तकात शेवटचा रकाना 'मिळालं', आणि तिथे ग्राहकाची सही. टेबलामागच्या भिंतीवर पाटी होती, 'पावतीशिवाय मिळणार नाही.' आणि जे कपडे न्यायला कोणी आलंच नाही, ते वरच्या दांडीवर जायचे. त्या दांडीवर एक करडा कोट वीस वर्षं लटकत होता. मावशी वर्षातून एकदा तो उतरवून त्याला ऊन दाखवायची, ब्रश मारायची आणि परत टांगायची.

"अगं, देऊन टाक कुणाला तरी," काका एकदा म्हणाले होते. "तो माणूस गेलाही असेल."

"गेला असेल तर त्याचा मुलगा येईल," मावशी म्हणाली. "आपण देणारे कोण?"

 मावशीसमोर काका नेहमीच मूग गिळून बसायचे, आणि तसे सुखात होते.

आता माझं सांगते, कारण सुरुवात माझ्यापासूनच आहे. बारा वर्षांपूर्वी मी जनावरांच्या दवाखान्यातलं काम शिकत होते आणि होस्टेलवर राहत होते. रस्त्याकडेच्या नळाखाली मला एक पिल्लू सापडलं. पांढरं, एक कान काळा, मागचा पाय मोडलेला. मी पट्टी बांधली, खोलीत लपवलं, आणि दुसऱ्याच दिवशी वॉर्डनबाईंनी मला पिल्लासकट दारात उभं केलं. मी टोपली उचलली आणि मावशीकडे गेले.

"दोन दिवस ठेव," मी म्हटलं. "मी येते न्यायला."

मावशीने टोपलीत डोकावून पाहिलं, चष्मा सारखा केला आणि पावतीपुस्तक पुढे ओढलं. नवं कोरं. मला हसू आलं, ती मात्र हसली नाही. तिने लिहिलं, 'नंबर एक. मांजरी, पांढरी, कान काळा, पाय दुखरा. ग्राहक: भाची. मुदत: दोन दिवस.' अर्धा तुकडा फाडून माझ्या हातात दिला. मग एका चिंधीवर एकचा आकडा काढून ती पिल्लाच्या गळ्यात सैलसर बांधली.

मी गेले नाही. परीक्षा होती, मग दुसऱ्या शहरात नोकरी लागली, मग जागा लहान होती, मग जागा मोठी झाली पण घरमालक कटकट्या होता. सबबी सांगायला बसले तर दिवस पुरणार नाही. मावशीला फोन केला की ती म्हणायची, "तुझी पहिली मजेत आहे. कधी येतेस?" आणि मी म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात." पावती कुठल्याशा पुस्तकात ठेवली होती. ते पुस्तकही गेलं कुठेतरी.

काका गेले आणि मावशीने लाँड्री बंद केली, पण राहिली तिथेच. पाटी तशीच राहिली. दुकानाच्या काचेत पांढरी मांजरी बसलेली लोकांना दिसायची, आणि त्यांना वाटायचं, इथे सोय आहे. एक बाई टोपली घेऊन आल्या, गावाला चाललेय, महिनाभर ठेवाल का. मावशीने पावती दिली. एक म्हातारे गृहस्थ आले, मुलाकडे राहायला चाललोय, तिथे मांजर चालत नाही, बघू काय होतं ते. मावशीने पावती दिली. पुढे पुढे लोक विचारेनासेच झाले, सकाळी दार उघडलं की पायरीवर खोकं. मावशी तरीही पुस्तकात नोंद करायची. ग्राहकाच्या जागी लिहायची, 'जो येईल तो.'

मी या शहरात परत आले तोवर पंधरा झाली होती. मी म्हटलं, "मावशी, ऑपरेशनं करून घेऊ. मी स्वतः नेते, स्वतः आणून सोडते. नाहीतर हे कुठे थांबणार?"

"दुसऱ्याच्या मालाला कात्री लावायची नाही," ती म्हणाली. "सदऱ्याचा लोंबता धागासुद्धा मी कधी विचारल्याशिवाय कापला नाही."

"अगं, हा सदरा नाही."

"म्हणून तर."

मी कपाळाला हात लावला. मग व्हायचं तेच झालं, पिल्लं झाली. तीही तिने आईच्याच पावतीवर चढवली. कपड्यांच्या गाठोड्यात एखादा रुमाल जास्तीचा निघाला तर तो त्याच ग्राहकाचा, असा तिचा हिशोब. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मी दोन वर्षं जाणं कमी केलं. गेले तरी उंबऱ्यावरूनच बोलायचे. वास यायला लागला होता.

इकडे जनावरांच्या दवाखान्यात मी ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारी, झाले होते. आमच्या डॉक्टरीणबाई आणि मी मिळून मागच्या पडवीत दोन पिंजरे ठेवतो. दोनच. एक घरी गेलं की दुसरं आत. तिसरं घेऊन कोणी रडत आलं तरी नाही म्हणायचं, आणि नाही म्हणायचं काम माझं. लोक मला दगड म्हणतात. म्हणोत बापडे. पण आत घेतलं की ऑपरेशन, लसी, औषधं, आणि मग घर शोधायचं. घर बघायला मी स्वतः जाते. खिडक्यांना जाळी आहे का, घरातलं सगळ्यात चिडकं माणूस कोण आहे, हे बघते. जाताना सगळ्यांना एक भाषण देते, की प्राणी घेणं म्हणजे रोज घेणं, नंतर बघू म्हणून चालत नाही. हे भाषण देताना मला माझी पावती आठवायची नाही असं नाही. आठवायची. मी जरा मोठ्याने बोलायचे, इतकंच.

गेल्या वर्षी थंडी संपता संपता शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि आरोग्य खात्याचे साहेब मावशीच्या दारात येऊन गेले. माणूस सज्जन होता. नाकाला रुमाल लावूनच पण आदबीने बोलला. आठ दिवसांत घर रिकामं झालं नाही तर गाडी येईल, सगळी मांजरं जातील, आणि जी आजारी आहेत ती परत कुणाच्या घरी जाणार नाहीत, असं त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं. मला तेव्हा फक्त एकच मांजर डोळ्यांसमोर आलं. पांढरं, एक कान काळा. अकरा वर्षांची म्हातारी, मोडका पाय, तिला कोण ठेवणार. मनाशी म्हटलं, बाकीच्यांचं जे होईल ते होवो, माझी पहिली मी घरी आणणार. हेही तुम्हाला खरं तेच सांगते, माझ्या मनात आधी तीच आली, आणि मावशी नंतर.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पिंजरा घेऊन गेले, आणि कित्येक दिवसांनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं.

दोऱ्यांवर अजून चादरी होत्या. पिवळ्या पडलेल्या, वाळून कडक झालेल्या. उजेड तसाच गाळून येत होता, आणि त्या उजेडात केस तरंगत होते, हळू, वर जाणारे, खाली येणारे, कशाचीच घाई नसलेले. मांजरं सगळीकडे होती. इस्त्रीच्या टेबलावर एकाला एक चिकटून, कपाटाच्या प्रत्येक खणात, दांडीवरच्या करड्या कोटाच्या दोन्ही खांद्यांवर. बहुतेक झोपलेली. कुणाचा डोळा चिकटलेला, कुणाच्या अंगाला चट्टे, आणि प्रत्येकाच्या गळ्यात पांढरी चिंधी, काळा आकडा. कुणी ओरडत नव्हतं. सगळ्या खोलीचा मिळून एकच श्वास चालला होता. तो वास डोळ्यांत झोंबत होता, तरी मी क्षणभर उभी राहिले आणि मला वाटलं, आता कुणीतरी पलीकडून पुकारेल, एकशेबारा, दोन सदरे, एक पडदा.

पलीकडून खोकला आला. मावशी चादर बाजूला करून पुढे आली. अर्धी झाली होती. खांद्यावर एक तपकिरी पिल्लू झोपलं होतं, गळ्यात सेहेचाळीस.

"आलीस," ती म्हणाली. "पावती आणलीस?"

मी म्हटलं, "मावशी, माझी कुठे आहे?"

"वर, माळ्यावर. म्हातारी झाली, खाली उतरत नाही आता. वाटी वर ठेवते रोज, चाटूनपुसून खाते."

माझा जीव भांड्यात पडला. शिडी तिथेच होती. मी चढले असते तर दोन मिनिटांचं काम. नाही चढले. का नाही चढले याचं उत्तर मी अजून शोधतेय. वर जाऊन तिच्या डोळ्यांत बघायची मला लाज वाटली, असं म्हणा.

मग आमचं भांडण झालं. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. ही माया नाही, हा अडगळीचा छंद आहे, इथपर्यंत बोलले. मावशी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ही लोकांची आहेत. लोक विश्वासाने ठेवून गेलेत. मी गाडीवाल्याच्या हातात देऊ? पावतीशिवाय?"

"कोणी येणार नाहीये, मावशी."

"तूही असंच म्हणतेस? तू?"

 रिकामा पिंजरा घेऊन मी परत आले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या कमी बोलतात. हात पुसत म्हणाल्या, "द्या म्हणून मागू नकोस. मोजू या म्हण. दुकान चालवलेलं माणूस आहे, मोजायला नाही म्हणणार नाही."

आणि खरंच नाही म्हणाली नाही. लाँड्रीच्या दिवसांत दर सहा महिन्यांनी एक रविवार मेळ घालण्याचा असायचा. दांडीवरचा एकेक कपडा पुस्तकाशी ताडून बघायचा. मावशीला तो दिवस सणासारखा. मी "मेळ घालू" म्हटल्याबरोबर तिच्या चेहऱ्यावर अशी काही कळा आली की मला वाईट वाटलं. तिने धुतलेली साडी नेसली, चष्मा पुसला, पुस्तक उघडून टेबलाशी बसली. डॉक्टरीणबाई आणि मी हातमोजे घालून एकेका मांजराला उचलून आणायचो, चिंधीवरचा आकडा वाचायचो, ती पुस्तकात बारीकशी खूण करायची. तेवढ्यात डॉक्टरीणबाई डोळे, कान, दात बघून घ्यायच्या.

"सात. बोका, पिवळा."

"सात. हा. पुढे."

"बावीस. हिला पातळ होतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कालपासून," मावशी म्हणाली. मग थोड्या वेळाने, "मला वाटतं कालपासून."

तो दिवस कसा गेला मला सांगता येणार नाही. चादरींमागून एकेक उबदार, हलकं अंग हातात यायचं, झोपेतच, आणि मोजून झालं की पुन्हा त्या पिवळट उजेडात विरघळायचं. आकडे पुकारता पुकारता माझा आवाज मलाच मावशीसारखा वाटायला लागला. दुपार कलली तेव्हा पुस्तकात सेहेचाळीस होती, आणि खुणा बेचाळीस.

"एक, एकोणीस, सव्वीस आणि तीस," मावशीने वाचलं. "एक वर आहे. एकोणीस, तीस इथंच असतील कुठेतरी. सव्वीस कपाटामागे झोपतो."

सव्वीस कपाटामागे सापडला. एकोणीस आणि तीस नाही सापडले. आम्ही खण काढले, बॉयलरमागे बॅटरी मारली. मागच्या खिडकीची एक काच फुटलेली होती, तिथून गेले असतील. कधी गेले ते मावशीला सांगता येईना. तिने दोन्ही नंबरांवर बोट ठेवलं आणि बोट तसंच राहिलं. चाळीस वर्षांत त्या बोटाखालून हातरुमालही हरवला नव्हता.

"आता वर बघ," ती मला म्हणाली.

मी शिडी चढले. माळ्यावर कोणी न नेलेल्या चादरींची चळत होती, नीट घड्या घातलेली. शेजारी वाटी, रिकामी, लखलखीत. आणि चळतीवर माझी पहिली, शेपूट नाकाशी घेऊन, वेटोळं करून. मी हाक मारली. तिला माझ्या हाकेची ओळख असण्याचं काही कारण नव्हतं, तरी मारली. मग हात लावला, आणि हाताला कळलं. माळ्याच्या कोरड्या हवेत ती वाळून गेली होती. महिना तरी झाला असेल.

"खाल्लं का तिने?" मावशीने खालून विचारलं.

तेवढ्यात ते तपकिरी पिल्लू माझ्या खांद्यावरून वर चढलं, सरळ वाटीपाशी गेलं आणि काही उरलंय का ते चाटायला लागलं. मावशीने खालून ते पाहिलं. वाटी कोण चाटूनपुसून ठेवत होतं ते तिला कळलं.

मी पहिलीला खाली आणलं. मावशीने तिला टेबलावर ठेवायला सांगितलं, त्याच टेबलावर जिथे मी टोपली ठेवली होती. तिने ती चिंधी अंगठ्याने चोळून पाहिली.

"शाई गेली नाही," ती म्हणाली.

 डॉक्टरीणबाई हळूच बाहेर अंगणात गेल्या. मला वाटत होतं मावशी रडेल, आणि मी काय करू. ती रडली नाही. पण असा चेहरा मी तिचा काका गेले तेव्हाही पाहिला नव्हता.

"तुझा माल माझ्याकडून गेला," ती म्हणाली. "मी अर्ध्या शिडीवरूनच हात लांबवून रोज वाटी ठेवत होते गं. वर चढून नाही पाहिलं. गुडघे चढू देत नाहीत. वाटी रिकामी असायची, म्हटलं, खातेय."

मी तिला मिठी मारायला हवी होती. सांगायला हवं होतं, की मावशी, मी अकरा वर्षं वाटीसुद्धा ठेवली नाही. पण एरवी तोंडाचा पट्टा चालवणारी मी पहिलीच्या गळ्यातली चिंधी सारखी करत बसले.

मावशी उठली. स्वतःची शाल काढून तिने पहिलीला गुंडाळलं, कारण चादरी लोकांच्या होत्या. मग खोलीभर एक चक्कर मारली. प्रत्येक खणापाशी थांबली. शेवटी शिडीखाली जाऊन तिने त्या तपकिरी पिल्लाला हाक मारली, ते उडी मारून तिच्या खांद्यावर आलं, आणि तिने ते उतरवून माझ्या हातात दिलं. सेहेचाळीस. तिच्या खांद्यावर झोपणारं तेवढंच एक होतं.

"हरवलं तर दुकानाने बदली द्यायची," ती म्हणाली. "नियम आहे. कधी वापरायची वेळ आली नव्हती. घे."

त्या घरातून बाहेर गेलेलं ते पहिलं मांजर.

पहिलीला आम्ही अंगणात पुरलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मावशीचा फोन आला. आवाज दुकानातला होता. "जिथे 'जो येईल तो' लिहिलंय, तिथे जो येईल त्याला देता येईल. मी रात्रभर पुस्तक बघितलं. मी फसवत नाहीये ना कोणाला?"

"नाही, मावशी."

"आणि ज्यांची नावं आहेत, त्यांना तू विचारायचंस. माझ्यासमोर."

मी विचारलं. एकेका नंबरावर फोन केला. कोणी म्हणालं, अजून आहे का ते, बाप रे. कोणी फोन ठेवून दिला. एक बाई मात्र तासाभरात आल्या, हातात सहा वर्षांपूर्वीची पावती, घडी पडून पडून चार तुकडे झालेली, चिकटपट्टीने जोडलेली. घर सुटलं होतं, नवरा सुटला होता, आता कुठे जागा झाली होती. त्यांचा सात नंबरचा पिवळा बोका त्यांना दिला तेव्हा मावशीने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी मान खाली घातली.

साहेबांना आम्ही पुस्तक दाखवलं, त्यांनी मुदत वाढवली. पुढचे सात महिने मी आयुष्यात केलं नाही इतकं काम केलं. ऑपरेशनं झाली, आता मावशी कात्रीला नाही म्हणाली नाही. चार मांजरं इतकी आजारी होती की डॉक्टरीणबाईंच्या हातातच गेली. तशी नोंद मावशीने स्वतः केली, त्यांच्या अंगावरून हात फिरवत बसून. काही दुसऱ्या गावच्या संस्थांनी नेली. बाकीच्यांना घरं मिळाली, एकेक करत. मी घर बघून यायचे, पण शेवटचा होकार मावशीचा. ती टेबलाशी बसून येणाऱ्याला नीट न्याहाळायची.

"ही पडद्यांवर चढते. चालेल?"

"चालेल."

"उद्या नवे पडदे घ्याल, मग?"

"तरी चालेल, मावशी."

मग चिंधी सोडायची, 'मिळालं' मध्ये सही घ्यायची. आणि वर म्हणायची, "महिन्याने आमची भाची येईल बघायला. तोंडाची जरा फटकळ आहे, मनावर घेऊ नका." चादरी आम्ही धुतल्या. खिडक्या उघडल्या. तिचा खोकला उन्हाळ्यापर्यंत उतरला. आता तिच्याकडे दोन म्हाताऱ्या मांजरी आहेत, बाविसावी आणि तिची बहीण, आणि पायरीवर कोणी खोकं ठेवलं तर ती मला फोन करते आणि विचारते, "तुझ्याकडे पिंजरा कधी रिकामा होतोय? तोवर मी घेणार नाही." हे म्हणताना तिचा आवाज फार बारीक होतो. मला कळतं. मीही दगड नाहीये काही.

शेवटचं मांजर गेलं त्या संध्याकाळी मी तिच्याकडे थांबले होते. सेहेचाळीस माझ्या मांडीवर होती, आता चांगली गलेलठ्ठ. खोली केवढी मोठी दिसत होती. उतरती उन्हं धुतलेल्या चादरींतून येत होती आणि मी अर्धवट पेंगत होते. मावशीने पुस्तक उघडलं. सगळ्या पानांवर सह्या झाल्या होत्या. एकोणीस आणि तीसपुढे तिने लिहिलं होतं, 'हरवले. चूक दुकानाची.' मग तिने पहिलं पान काढून पुस्तक माझ्याकडे फिरवलं. तिथेही, 'मिळालं'च्या रकान्यात, तेच वाक्य. चूक दुकानाची.

"बदली मिळाली म्हणून इथे तुझी सही राहिलीय," ती म्हणाली.

मी पेन घेतलं. मावशीच्या पुस्तकात चाळीस वर्षांत कधी खाडाखोड झाली नाही, हे मला माहीत होतं. मी 'दुकानाची' या शब्दावर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'ग्राहकाची. न्यायला आलीच नाही.' खाली सही केली. 

मावशीने पुस्तक उलटं वळवून घेतलं. चष्मा वर सरकवून पाहिलं, बराच वेळ. मला वाटलं आता रागावेल. तिने पुस्तक परत माझ्यापुढे सरकवलं.

"तारीख घाल," ती म्हणाली.

"कुठली घालू?"

"आजची," मावशी म्हणाली. "आज आलीस ना."